नरक्याची साल

तासगाव,
१२ जून २०२४

गड्या हंबीर, दिलावरचा सलाम.

तुझ्या वाडीत रेंज न्हाई आन् माझ्या कानात आवाज न्हाई, म्हणून कागदच बरा. फौजेत एकाच तोफंवर आपण दोघं उभं राहिलो, तुझं कान शाबूत राहिलं, माझं मात्र तोफ घिऊन गेली. आता पोरगी कानाशी येऊन वरडंल तवा चार शब्द आत जात्यात.

रहिमतची खबर चांगली न्हाई. गेल्या साली तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं त्ये तुला ठाऊक हाय. तवा वाटलं, सुटलो. गेल्या महिन्यात परत पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात फोटू काढला तर लिव्हरवर गाठी दिसल्या. आता नवीन सलाईन चालू केलंय. केस गेलं. आपल्या गादीच्या दुकानात बसून एका बैठकीला अख्खी दुलई शिवणारी बाई ती, आता तिला सुईबी धरवत न्हाई.

कशिश बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला हाय. परवा सलाईन चालू असताना अम्मीचं मन रमावं म्हणून सांगाय लागली, "अम्मी, ह्या बाटलीतल्या औषधाचं मूळ एका झाडात हाय. आपल्या सह्याद्रीत वाढतं. नरक्या म्हणत्यात." रहिमत हसली. म्हणाली, "नाव नरक्या आन् काम जन्नतचं." लय दिवसांनी हसली.

तू जंगलात ऱ्हातोस. तुझ्याकडं हाय का रं ह्ये झाड? सहज इचारतोय.

तुझा
दिलावर


निवळीची वाडी, ता. पाटण,
२६ जून २०२४

दिलावर, रामराम.

वैनींचं वाचून आमच्या कारभारणीनं, शालूनं, चुलीवरचं तसंच सोडलं आन् देवीसमोर जाऊन बसली. 

नरक्या इचारतोस? माझ्या गोठ्यामागंच दोन झाडं हायत. फुलायला लागली की नाकाला पदर लावावा लागतो, कायतरी मरून सडल्यावानी वास येतो. म्हणून तर त्ये नाव पडलं. गुरं तोंड लावत न्हाईत. सरपणालाबी आमी आणत न्हाई.

मधल्या काळात ट्रकवाली माणसं आली व्हती. आपल्याच वाडीतल्या पोरांनी मोळ्या बांधून खाली न्हेऊन दिल्या. कशाला लागतं ह्ये लाकूड, कुणी इचारलंबी न्हाई. पार डोंगर उघडा पडला. मग फॉरेस्टनं धरपकड केली. आता मी वन समितीचा अध्यक्ष हाय, कुणाला हात लावू देत न्हाई. पण खरं सांगतो, त्यातनं कॅन्सरचं औषध निघतं ह्ये मला फॉरेस्टच्या साहेबानं सांगितलं तवा खरं वाटलं न्हवतं.

तू सहज इचारलंस म्हणून मीबी सहज सांगतो. धनगरवाड्यातल्या बिराप्पाला इचारलं. सारा जलम म्हशींमागं रानात गेला त्येचा. म्हणाला, "ह्ये कुणाला द्यायचं औषध न्हवं. माझ्या रेडकानं कोवळा पाला खाल्ला, तर रक्ताची ढाळ लागून गेलं." तवा दवाखान्यातल्या बाटलीतलं वेगळं आन् झाडावरचं वेगळं. वैनींना डॉक्टरच्या हातात राहू दे.

भात लावून झाला की येतो भेटायला.

हंबीर


तासगाव,
२१ जुलै २०२४

हंबीर,

सहज इचारलं न्हवतं. तुला कळलं असंल.

सलाईननं रहिमतला ढाळ लागली. उठून मोरीपर्यंत जायचं त्राण राहिलं न्हाई. अंगावर मांस न्हाई, नुसतं हाडाला कातडं. मी तिला उचलून न्हेतो तर ती तोंड फिरवती, तिला लाज वाटती. लग्नाला एवढी वर्षं झाली, आता लाज.

परत फोटू काढला. गाठी वाढल्यात. डॉक्टर कशिशशी बोलला, मी शेजारी बसून त्येच्या व्हटांकडं बघत व्हतो. मला काय कळलं न्हाई, पण पोरीच्या तोंडाकडं बघून कळलं. सलाईन बंद. म्हणाला, घरी न्या, दुखंल तवा गोळ्या द्या, जेवढं खाईल तेवढं खाऊ द्या.

घरी न्या. म्हंजे काय रं हंबीर? घरी आणलं. आता मी काय करू? कशिश पुस्तकं वाचती, रडती, परत वाचती. मी दुकानात कापूस पिंजत बसतो. घरी आलो की तिच्या उशाला बसतो. हातात करायला कायबी न्हाई.

मला साल पाठव. थोडी पाठव, पण पाठव. बाटलीतलं औषध बनवलेलं असतंय, मसाला घातलेला असतोय, त्येनं ढाळ लागली आसंल. झाड तर अल्लानं बनवलेलं हाय. तुझ्या दारात उभं हाय. तू म्हणतोस बिराप्पा असं बोलला. रेडकू वेगळं, माणूस वेगळा.

त्या साली बर्फात तुझा पाय काळा पडला, तवा तुला पाठीवर घिऊन मी खाली आलो. वाटंत तू म्हणत व्हतास, सोड मला. मी सोडलं न्हाई. म्या त्ये आजवर कवा बोलून दावलं न्हाई, आज दावतोय. एवढं कर.

कशिशला ह्यातलं काय सांगू नकोस.

दिलावर


निवळीची वाडी,
३ ऑगस्ट २०२४

दिलावर,

पाटणवरनं तासगावला जाणारा आपला यष्टीचा कंडक्टर हाय, त्येच्या हातात पुडी दिलीय. साल वाळवून, कुटून दिलीय. चमचाभर घ्यायची, पेलाभर पाण्यात उकळायची, निम्मं झालं की गाळायचं. सकाळी फक्त. जास्त द्यायची न्हाई, माझी आण हाय. दुखायच्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत, त्येचीबी तुला माझीच आण.

चव तुरट लागंल.

वैनींना सांग, हंबीरनं पाठवलंय.

हंबीर


निवळीची वाडी,
३ ऑगस्ट २०२४

कशिश बाळ, अनेक आशीर्वाद.

ह्ये पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर मुद्दाम टाकतोय. अब्बाला दावू नकोस.

तुझ्या अब्बानं माझ्याकडं नरक्याची साल मागितली. एकदा न्हाई म्हणालो. दुसऱ्यांदा त्येनं असं कायतरी लिवलं की माझा हात न्हाई म्हणायला चालंना. मग कोयता घिऊन गोठ्यामागं गेलो, नरक्याच्या बुंध्याला हात लावला, तसाच परत आलो.

बाळ, मी पाठवली ती जांभळीची साल हाय. आमी लहान पोरांना ढाळ लागली की देतो. तिनं काय वाईट व्हायचं न्हाई, झालं तर पोट जरा आवरंल. तुझ्या अब्बाला वाटतंय नरक्या हाय.

मी चूक केली का बरूबर, मला समजंना. तू शिकलेली हायस. तू म्हणशील तर मी त्येला आजच खरं लिवतो.

तुझा काका
हंबीरराव


सांगली,
१६ ऑगस्ट २०२४

हंबीरकाका, सलाम.

तुमचं पत्र मिळालं त्याच्या आधीच पुडी घरी पोहोचली होती. मी शनिवारी घरी गेले तर अब्बा गॅससमोर उभे. काढा उकळत होता. मी विचारलं तर म्हणाले, "बडीशेप."  त्यांची पाठ वळताच मी अम्मीला म्हटलं, मी सांगेपर्यंत पिऊ नको, आणि चिमूटभर भुकटी कागदात बांधून कॉलेजला नेली. बाईंना दाखवावी की नको, अशी दोन दिवस फिरत होते. मग तुमचं पत्र आलं. काका, मी कॉलेजच्या जिन्यात बसून रडले.

तुम्ही बरोबर केलंत. नरक्यामधला औषधी घटक सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तसाच माणसांना देऊन पाहिला होता. गाठी थोड्याफार कमी व्हायच्या, पण लघवीतून रक्त जायला लागलं, अंगातल्या पांढऱ्या पेशी संपायला लागल्या. तेव्हा तो प्रयोग थांबवला. नंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्यात बदल करून औषध झालं. आणि ते औषधही माणसाचं वजन-उंची बघून, रक्त तपासून, मोजून देतात. झाडात ते किती आहे, हे झाडाला बघून कुणालाच सांगता येत नाही. एका झाडात भरपूर, शेजारच्यात नावाला. चमचा घेऊन कसं मोजणार? आणि अम्मीवर तर खुद्द औषधच चाललं नाही, मग साल काय करणार होती.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? पहिल्या दिवशी झाडाचं नाव मीच सांगितलं. त्यानंतरचं जे सांगितलं ते त्यांच्या कानापर्यंत पोहोचलं नाही.

तुमचं पत्र वाचून मी घरी गेले, तेव्हा अम्मीने पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. अब्बा बाहेर गेल्यावर म्हणाली, "ही जांभूळ हाय. माझ्या आईनं मला पाजलीया. तुझ्या अब्बाला सांगू नको. सकाळी उठून भांडं घासतो, पाणी मोजतो, फुंकर मारून देतो. त्येच्या हाताला काम लागलंय."

म्हणून काका, काही लिहू नका.

तुमची
कशिश


तासगाव,
१५ सप्टेंबर २०२४

हंबीर, गड्या!

बस आता आन् वाच. रहिमत चालाय लागली. ढाळ थांबली. गेल्या आठवड्यात स्वतःहून म्हणाली, "खिचडा करा." दोन घास न्हवं, वाटीभर खाल्ला. परवा रिक्षानं दुकानात आणली. तिथं गादीवर बसली आन् कामाच्या पोराला ओरडली, "कापूस असा भरत्यात व्हय!" मला ऐकू आलं रं. खरंच ऐकू आलं.

डोक्यावर केस यायला लागल्यात, बारीक, मऊ, कोंबडीच्या पिलावानी. ती माझा हात धरून तिथं फिरवती.

दवाखान्यात दाखवायला न्हेली. डॉक्टर म्हणाला, सलाईन बंद केल्यावर काही दिवस असं बरं वाटतं, औषधाचा त्रास उतरतो म्हणून. कशिशबी त्येच म्हणाली. मी नुसता हसलो. त्येंनी घरी न्या म्हणून सांगितलं आन् तुझ्या झाडानं उठवून बसवली.

वॉर्डातल्या लोकांना मी सांगितलं. का सांगू नये? तिथं किती जण माझ्यासारखं बसल्यात उशाला. सगळी माझ्याभवती गोळा झाली. एकानं झाडाचं नाव हातावर लिवून घेतलं.

पुडी संपत आलीय. पाठव. आन् ये एकदा, तुझ्या वैनीच्या हातचं खायला.

दिलावर


तासगाव,
२० ऑक्टोबर २०२४

हंबीरकाका,

अम्मी गेली. मंगळवारी, दुपारच्या नमाजाच्या वेळी. शेवटचा आठवडा फार वाईट गेला. पिवळी पडली होती, ओळखत नव्हती. शेजारच्या पोराला तुमच्या गावच्या एस.टी.बरोबर निरोप द्यायला सांगितलं होतं, तो पोहोचला की नाही कळलं नाही.

अब्बा रडले नाहीत. दफन करून आले आणि काढ्याचं भांडं घासून पालथं घातलं. मला म्हणाले, "उशीर झाला. सुरुवातीपासनं दिलं असतं तर जगली असती. सलाईननं पार पोकळ केल्यावर आपण द्यायला लागलो."

मी बोलणार होते. तोंड उघडलंही. काका, त्यांच्याकडे एवढंच उरलंय की शेवटचा महिना आपण तिला दिला. ते मी काढून घेऊ शकले नाही. तुम्हीही आत्ता काही लिहू नका. थोडे दिवस जाऊ देत.

कशिश


तासगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

हंबीर,

रहिमत गेल्याचं कळल्यावर तू आलास, माझ्याशेजारी बसलास. बरं केलंस.

एका कामासाठी लिवतोय. वॉर्डात कोरेगावचा एक पोरगा ओळखीचा झाला व्हता. शिवतेज नाव. शिरवळला कंपनीत हाय. त्येची बायको अंकिता, वयानं आपल्या कशिशपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिचंबी आतड्याचंच. गाठ काढली, डॉक्टर म्हणतोय आतून साफ हाय, तरी खबरदारी म्हणून सलाईनं घ्यायची. निम्मी झाली. पोरगी प्रत्येक सलाईनला ओकून ओकून पांढरी पडती. हातापायाला मुंग्या. बोटांनी बटण लावता येत न्हाई.

शिवतेज परवा दुकानात आला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, चाचींना शेवटी शेवटी कशी तरतरी आली व्हती, मी बघितलं हाय. अंकीला आता सलाईन सोसंना. आमी बंद केलंय. तुमच्या दोस्ताचा पत्ता द्या."

मी दिला. रहिमतच्या बाबतीत उशीर झाला, हिच्या बाबतीत व्हायला नको. मला दिलीस तशीच त्येला दे. माझ्या हातनं एक तरी जीव वाचू दे.

दिलावर


निवळीची वाडी,
४ डिसेंबर २०२४

दिलावर,

ह्ये पत्र बसून वाच. जवळ कशिशला घे.

मी तुला पाठवली ती नरक्याची साल न्हवती. जांभळीची व्हती. दोन्ही पुड्या. वैनींना इजा व्हऊ नये म्हणून मी तसं केलं. तू दुसरं पत्र लिवलंस तवा मला तुला न्हाई म्हणवंना, आन् नरक्याला कोयता लावायचंबी धाडस झालं न्हाई. मधला रस्ता काढला. कशिशला मी त्याच दिवशी कळवलं व्हतं. तिला बोल लावू नकोस, गप ऱ्हा म्हणून मीबी म्हणालो आन् तीबी म्हणाली.

ह्ये मी मरेपर्यंत बोललो नसतो. पण शिवतेज काल येऊन गेला.

मोटारसायकलवर आला, थंडीनं ओठ फुटलेलं. शालूनं चा दिला. त्येला मी हाताला धरून गोठ्यामागं न्हेलं. नरक्या आन् जांभूळ, दोन्ही दावली. सांगितलं, "ह्यो नरक्या. ह्येची साल मी कुणालाच दिली न्हाई. दिलावरला दिली ती ह्या जांभळीची." आन् फरक कळावा म्हणून दोन्हींचा तुकडा त्येच्या हातात ठेवला.

त्यो हसला. म्हणाला, "काका, तुमी वन समितीचं अध्यक्ष. झाड राखायला तुमाला असं बोलावंच लागणार. मी कुणाला सांगणार न्हाई, शपथ."

"आरं, खरंच सांगतोय."

"मग चाची उठून कशा बसल्या?"

मी सांगितलं, सलाईन बंद झाल्यावर त्येचा तरास उतरतो, माणसाला बरं वाटतं. आतला रोग त्येनं जात न्हाई. ह्ये डॉक्टरनंबी दिलावरला सांगितलं व्हतं.

तर त्यो काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, "म्हंजे तुमीच म्हणताय, सलाईन बंद केलं म्हणून बरं वाटलं. आमी तेच तर केलंय."

 मी नुसतं म्हणत राहिलो, पोरगी साफ झालीय, राहिलेली सलाईनं घे, तिला जगू दे. त्येनं माझ्या पायाला हात लावला आन् गेला. आज सकाळी खालच्या ओढ्याला गेलो तर तिथल्या नरक्याची हातभर साल नवीन सोललेली. कुणी दावलं, कुणी काढलं, सांगता यायचं न्हाई. त्यो रिकाम्या हातानं गेला न्हाई एवढं खरं.

माझं त्यो ऐकणार न्हाई. तुझं ऐकंल. त्येनं बघितलंय त्ये तुझ्या घरात बघितलंय. तू कोरेगावला जा. पत्र मिळाल्या पावली जा.

माझ्यावर काय राग काढायचा त्यो मागनं काढ.

हंबीर


तासगाव,
१९ जानेवारी २०२५

हंबीर,

अंकिता गेली. सातारच्या दवाखान्यात. शिवतेजच्या भावानं कशिशला फोन केला. लघवीतनं रक्त जायाला लागलं तवा न्हेलं. अंगात पांढऱ्या पेशी उरल्याच न्हवत्या म्हणं, साधा ताप आला त्यो उतरलाच न्हाई. कशिशनं त्ये सगळं मला कागदावर लिवून दिलं. मी वाचलं आन् घडी घालून खिशात ठेवलं.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी कशिशवर हात उगारला. जल्मात पयल्यांदा. ती हलली न्हाई. "मारा," म्हणाली, ह्ये मात्र मला ओठांवरनं कळलं. मग कानाशी येऊन म्हणाली, अम्मीलाबी ठाऊक व्हतं.  म्हंजे सगळ्या घराला ठाऊक व्हतं आन् मी एकटाच रोज सकाळी उकळत बसलो व्हतो. तुझा राग येतोय का, मला अजून समजलेलं न्हाई. कवा कवा वाटतं, तू खरी साल पाठवली असतीस तर रहिमत आधी गेली असती आन् मी कुणाला कायबी सांगितलं नसतं. असं मनात येतंय, म्हणून स्वतःचीच भीती वाटती.

पण मी गेलो व्हतो. तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. त्ये तुला सांगायचं राहिलंय.

कोरेगावात यष्टी स्टँडपासनं इचारत इचारत घर काढलं. अंकिता दारातच ऊन खात बसली व्हती, डोक्याला लाल स्कार्फ. मला बघून उठली. मी म्हणालो, "बस बेटी," तरी पदर घेऊन पाया पडली. शिवतेज आतनं आला. मी त्येला तुझं पत्र दिलं, सगळं वाचायला लावलं. मग म्हणालो, "रहिमत मेली. ती प्याली ती जांभूळ व्हती. मी आडाणी माणूस, मला वाटलं झाडानं उठवली. तुझी बायको बरी झालीय, तिला दवाखान्यात ने. मी तुझ्या पाया पडतो." आन् खरंच पडलो, हंबीर. त्येच्या आईनं मला उठवलं.

शिवतेजनं पत्र परत एकदा वाचलं. त्येचं मन हललं व्हतं. मला दिसलं. त्येनं अंकिताकडं बघून कायतरी इचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. मग ती स्वतः उठली, माझ्याजवळ येऊन बसली आन् माझ्या कानाशी तोंड आणलं. शिवतेजनं तिला सांगितलं असणार, माझ्याशी कसं बोलायचं त्ये. तिच्या श्वासाला औषधाचा वास येत व्हता.

म्हणाली, "चाचा, एकच सांगा. त्या सलाईनची मला लय भीती वाटती. चाचींना मागनं महिनाभर बरं वाटलं व्हतं ना? जेवल्या व्हत्या ना? चालल्या व्हत्या?"

मला ऐकू आलं न्हाई असं दावता आलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती, आन् मला रहिमत दिसली, दुकानात गादीवर बसून वरडणारी. पोरीला ह्ये सगळं फिरवून सांगायला, डॉक्टर काय म्हणाला, कशिश काय म्हणाली, माझ्याकडं शब्दच न्हवतं. जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्येला न्हाई कसं म्हणू?

मी म्हणालो, "व्हय बेटी. बरं वाटलं व्हतं."

दिलावर